कमी खर्चाचा एक्सट्रूडेड हीट सिंक: अंशांच्या हिशेबापासून डायच्या नमुन्यापर्यंत

हीट सिंक म्हणजे ट्रान्झिस्टरसारख्या भागाची उष्णता हवेत टाकणारा, फिन म्हणजे पातळ पट्ट्या असलेला धातूचा तुकडा. त्याचे बिल हातात आले की पहिला संशय धातूच्या भावावर जातो. मीही बरीच वर्षे तिकडेच बोट दाखवत होतो. पण भाव आपल्या हातात नसतो. एका मीटरला किती किलो धातू जाणार, डाय (ज्या पोलादी साच्यातून तापलेला धातू प्रेसवर दाबून लांब दांडा काढतात तो) किती त्रास देणार आणि कापलेल्या तुकड्यावर पुढे किती जणांचे हात फिरणार, हे मात्र ड्रॉइंग काढतानाच ठरून जाते. उष्णतेच्या गणितात थोडे इकडेतिकडे चालते; प्रेसवर आणि मशीन शॉपमध्ये चालत नाही. त्यामुळे खाली हिशेब उष्णतेपासून सुरू केला असला, तरी एक डोळा सतत डायवर ठेवला आहे.

सबंध लेखात एकच उदाहरण धरू: १५ वॅट उष्णता टाकणारा एक ट्रान्झिस्टर, पंखा नाही, हीट सिंक उभा बसवलेला.

पहिली पायरी: अंशांचा जमाखर्च

चिपच्या जंक्शनपासून (आतली जागा, जिथे उष्णता तयार होते) हवेपर्यंत उष्णतेला तीन अडथळे पार करावे लागतात: जंक्शन ते केस (ट्रान्झिस्टरचे बाहेरचे कवच), केस ते हीट सिंक आणि हीट सिंक ते हवा. प्रत्येकाचा उष्णतारोध अंश प्रति वॅट या एककात मांडतात आणि तिघांची नुसती बेरीज होते.

डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) जंक्शनला १५० अंश सेल्सिअसपर्यंत परवानगी देते असे समजा. आपण ११५ वर थांबू. आजूबाजूची हवा ४५ अंश. म्हणजे खर्चायला ७० अंश मिळाले. ७० भागिले १५ म्हणजे ४.६७ अंश प्रति वॅट. यातले जंक्शन ते केस १.५ डेटाशीटनेच घेतले, मधल्या सांध्यासाठी ०.५ धरले. उरले २.६७. हीट सिंकने एवढे साधले की काम झाले. त्या वेळी त्याचे स्वतःचे तापमान ८५ अंश, म्हणजे हवेपेक्षा ४० अंश जास्त असेल.

इथे दोन ठिकाणी पैसे वाया जाताना मी पाहतो. पहिले म्हणजे ‘हवा’ कोणती? हीट सिंक पेटीच्या आत असेल, तर पेटीतली हवा धरायची, खोलीतली नाही. दोन्हींत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. दुसरे, १५ वॅट हा क्षणिक उच्चांक आहे की सतत चालणारा भार? अर्धा मिनिट टिकणाऱ्या उच्चांकासाठी आख्खा हीट सिंक वाढवण्यात अर्थ नाही, कारण एवढा धातू तापायलाच काही मिनिटे लागतात. सरासरी भार धरा आणि जंक्शनचा क्षणिक चढ डेटाशीटमधल्या आलेखावरून वेगळा तपासा.

सांध्याकडेही आत्ताच बघून घ्या. पेस्ट न लावता कोरडा बसवला आणि ०.५ च्या जागी १.५ झाले, तर हीट सिंकसाठी फक्त १.६७ उरतात. म्हणजे चिमूटभर पेस्ट वाचवण्याच्या नादात हीट सिंक दीडपटीहून मोठा करावा लागतो. या सबंध कामात थर्मल पेस्टइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

दुसरी पायरी: आधी तयार सेक्शन शोधा

स्वतःची डाय करायची हौस प्रत्येक डिझायनरला असते. तरी आधी पुरवठादारांचे कॅटलॉग चाळा. ज्याची डाय आधीच आहे असा सेक्शन (दांड्याच्या आडव्या छेदाचा आकार) आपल्या गरजेपेक्षा थोडा जड असला, तरी छोट्या मागणीत तोच स्वस्त पडतो. हिशेब सरळ आहे: नव्या डायचा आणि तिच्या नमुन्यांचा खर्च भागिले दर नगामागे होणारी बचत. जो आकडा येईल तेवढे नग खरोखर विकले जाणार आहेत का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. शिवाय प्रेसवाले एका खेपेला काहीशे किलोंपेक्षा कमी माल सहसा काढत नाहीत, हेही त्यात धरा.

कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा उचलू नका. तो बऱ्याचदा ७५ मिमी लांबीच्या तुकड्यासाठी आणि हवेपेक्षा ७५ अंश तापलेल्या हीट सिंकसाठी दिलेला असतो. आपला हीट सिंक ४० अंशच तापणार आहे. तापमानातला फरक कमी झाला की हवा मंद चढते आणि रोध वाढतो. ७५ वरून ४० वर आल्यास साधारण १७ टक्क्यांनी. कॅटलॉगात २.३ लिहिले असेल तर आपल्याला २.७ मिळेल, आणि आपली मर्यादा तर २.६७ ची! लांबीचेही तसेच. लांबी दुप्पट केली म्हणून क्षमता दुप्पट होत नाही, कारण वरच्या अर्ध्या भागाला खालून तापून आलेलीच हवा मिळते. पंखा नसताना साधारण १.७ पट आणि पंख्याच्या हवेत १.४ पट एवढीच भर पडते. जागा असेल तर लांबीपेक्षा रुंदी वाढवा.

तिसरी पायरी: दोन फिनमधली फट

पहिल्यावहिल्या हीट सिंकमध्ये मी फिन अगदी खेटून, २ मिमीच्या फटीने बसवल्या होत्या. पृष्ठभाग भरपूर, कागदावर सगळे उत्तम. चाचणीला लावला तर तो जवळपास भरीव ठोकळ्यासारखा वागला. पुढे करवत घेऊन एक सोडून एक फिन काढून टाकली, तेव्हा तापमान खाली आले. धातू कमी केला आणि हीट सिंक सुधारला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर फटीचे महत्त्व कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

कारण असे. तापलेल्या फिनला चिकटून हवेचा एक संथ थर वर चढत असतो. पंखा नसेल तर हा थर काही मिलिमीटर जाड होतो. समोरासमोरच्या दोन फिनचे थर खालीच एकमेकांना भिडले, तर मधली हवा अडते. फट फार मोठी ठेवली तर हवा मोकळी वाहते, पण फिनची संख्या घटते. या दोहोंमधला मध्य काढायचे सूत्र बार-कोहेन आणि रोहसेनॉ यांनी १९८४ मध्ये मांडले, आणि आजही सुरुवात तिथूनच करतात. सूत्रात न शिरता आकडे सांगतो: १०० मिमी उंचीचा हीट सिंक हवेपेक्षा ४० अंश तापणार असेल तर योग्य फट सुमारे ७ मिमी येते. फट उंचीच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४०० मिमी उंचीलाही ती १० मिमीच होते. थोडक्यात, पंखा नसेल तर ६ ते १० मिमीच्या बाहेर जायची गरज क्वचितच पडते.

पंखा असेल तर चित्र बदलते. जोराच्या हवेने थर पातळ होतो आणि २ ते ४ मिमीच्या फटी चालतात. मात्र तिथे एक्सट्रूजनची स्वतःची मर्यादा आड येते. ती पुढे डायच्या पायरीत.

फिन उभ्या धावल्या पाहिजेत, हे ड्रॉइंगवर बाण काढून लिहा. आडव्या बसवल्या तर वरची सगळी गणिते रद्द समजा. उपकरण कसेही ठेवले जाणार असेल, तर फिनवर आडवे काप घेऊन खुंट्यांसारखा आकार करता येतो, पण त्याचे मशिनिंग वेगळे मोजावे लागते.

चौथी पायरी: फिनची उंची, जाडी आणि संख्या

फिन बेसपासून (ज्या सपाट पाटीवर फिन उभ्या असतात ती) ३० मिमी उंच, १.५ मिमी जाड, फट ७ मिमी आणि लांबी (म्हणजे उभा बसवल्यावर हीट सिंकची उंची) १०० मिमी धरू. या फटीत हवा साधारण ५.३ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश या दराने उष्णता उचलते.

नऊ फिन घेतल्या तर रुंदी ६९.५ मिमी होते. फिनच्या दोन्ही बाजू आणि मधला बेस मिळून पृष्ठभाग सुमारे ०.०६ चौरस मीटर. ४० अंशांच्या फरकाला अभिसरणाने, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेबरोबर, १२.८ वॅट जातात. १५ ला कमी पडले. पण अ‍ॅनोडाइझ केलेला (पृष्ठभागावर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेला) हीट सिंक ८५ अंशांना प्रारणानेही (उष्णतेच्या किरणांनी) उष्णता टाकतो. इथे फिनच्या आतल्या बाजू धरायच्या नाहीत, कारण त्या एकमेकींनाच तापवत बसतात. समोरचा दर्शनी भाग आणि दोन बाहेरच्या बाजू एवढेच मोजायचे. ते जवळपास ३.९ वॅट भरतात. एकूण १६.७. म्हणजे दहा-अकरा टक्के हात राखून काम झाले.

आठ फिनवर हाच हिशेब जेमतेम १५ वर येतो. मी नऊच घेईन.

आता जाडी. बहुतेक ड्रॉइंगमध्ये पैसा इथेच गाडलेला असतो. ‘फिन जाड तर उष्णता टोकापर्यंत चांगली जाईल’ हे ऐकायला पटते. मोजून बघा. पंखा नसताना १.५ मिमी जाडीच्या ३० मिमी फिनची कार्यक्षमता ९८.८ टक्के येते. जाडी २.५ मिमी केली तर ९९.३. अर्ध्या टक्क्यासाठी काय मोजले? बेस ५ मिमी धरला तर पहिल्या सेक्शनचे क्षेत्रफळ ७५२ चौरस मिमी, दुसऱ्याचे १,०६७. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ असल्याने चौरस मिमीला ०.००२७ ने गुणले की मीटरमागे किलो मिळतात: २.०३ किलो आणि २.८८ किलो. बेचाळीस टक्के जास्त धातू, आणि तो प्रत्येक नगात, दर खेपेला.

याचा अर्थ फिन कागदाएवढी पातळ करा असा नाही. साधारण १.२ ते १.५ मिमीच्या खाली प्रेसवर फिन वाकड्यातिकड्या निघू लागतात आणि हाताळताना दुमडतात. पंख्याच्या जोरदार हवेत, उंच फिनला जाडीचा उपयोगही होतो: ४० मिमी उंच, १ मिमी जाड फिनची कार्यक्षमता अशा हवेत ८३ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. तिथे मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती फिन घ्या. ती प्रेसलाही आवडते.

फिनवर बारीक दाते काढून पृष्ठभाग वाढवायची एक पद्धत आहे. पंखा नसताना अर्ध्या मिलिमीटरचे दाते हवेच्या जाड थरात बुडून जातात. दिसायला छान, एवढेच.

पाचवी पायरी: बेस

एका छोट्या जागेतून आलेली उष्णता रुंदीभर पसरवणे हे बेसचे काम. आपल्या १५ वॅटला ५ मिमी पुरतात. तेच १५ वॅट दहा छोट्या एलईडींत विभागलेले असतील तर ३ मिमीही चालतात, कारण पसरवण्याचे काम आधीच झालेले असते. एक्सट्रूजनचा मोठा फायदा असा, की डायमध्ये आकार एकदा कोरला की तो पुढे फुकट मिळतो. त्यामुळे बेस सगळीकडे सारखा ठेवायची सक्ती नाही. ट्रान्झिस्टरखाली ६ मिमी ठेवून कडांना हळूहळू ३.५ वर आणा. पायरी मात्र टाकू नका, उतार द्या. जाडी एकदम बदलली की प्रेसमधून धातू वाकडा येतो. आणि ट्रान्झिस्टर मधोमध बसवा. कोपऱ्यात बसवला की पलीकडच्या फिन नावालाच उरतात.

धातू ६०६३ (अ‍ॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू) घ्या. टी५ टेम्परमध्ये (उष्णतेने कठीण केलेल्या एका अवस्थेत) त्याची उष्णतावाहकता सुमारे २०९ वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. ६०६१-टी६ जास्त मजबूत, पण त्याची वाहकता १६७ आणि प्रेसवर तो सावकाश निघतो. हीट सिंकवर वजन टांगायचे नसेल तर ती मजबुती कशाला हवी? तांब्याचा मोह तर पूर्ण सोडा: फिन आधीच ९९ टक्के काम करत असताना दुप्पट वाहकतेला करायला काही उरत नाही, आणि वजन तिपटीहून अधिक होते.

सहावी पायरी: डायच्या बाजूने बघा

४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवलेला बिलेट (धातूचा ओंडका) पोलादी डायच्या फटीतून दाबून बाहेर काढला जातो. आपल्या ड्रॉइंगमधली प्रत्येक फट म्हणजे डायमधली पोलादाची एक जीभ: एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी, आणि तिच्यावर तापलेल्या धातूचा प्रचंड दाब. जीभ लांब आणि अरुंद असेल तर वाकते किंवा तुटते. म्हणून फिनची उंची भागिले फट हा आकडा डायवाला सर्वांत आधी बघतो.

हे गुणोत्तर ४ च्या आसपास असेल तर कोणीही आनंदाने काम घेतो. ६ पर्यंत नेहमीचे काम. ८ ते १० म्हणजे निवडक प्रेस, मंद वेग आणि वरचेवर बदलावी लागणारी डाय. त्यापुढे फिन वेगळ्या करून बेसच्या खाचांत बसवणे किंवा ठोकळ्यातून तासून काढणे या दुसऱ्या पद्धतींकडे वळलेले बरे. आपले ३० भागिले ७ म्हणजे ४.३. नैसर्गिक अभिसरणाला जी फट लागते तीच डायलाही मानवते, हा या धंद्यातला सुदैवी योगायोग. पंखेवाल्या हीट सिंकचे भांडण मात्र इथेच होते: हवेला २ मिमीची फट हवी, उंची ३०, गुणोत्तर १५. तिथे फट ४ मिमी करून फिन २४ मिमीवर आणणे आणि थोडा रुंद सेक्शन घेणे बहुतेकदा स्वस्त पडते.

बाकीचे नियम थोडक्यात. फिनच्या मुळाशी निदान अर्धा मिमी गोलाई द्या, टोकेही गोल करा. सेक्शन शक्यतो डावी-उजवीकडे सारखा ठेवा. चारही बाजूंनी बंद पोकळी टाळा. तिच्यासाठी लागणारी डाय वेगळ्या रचनेची आणि बरीच महाग असते. सेक्शन ज्या वर्तुळात मावतो त्याचा व्यास काढा. आपला कर्ण ७८ मिमी, म्हणजे लहान प्रेसही चालेल. हा व्यास २०० मिमीच्या पुढे गेला की काम घेणारे प्रेस कमी होत जातात आणि दरात घासाघीस करायला फारशी जागा राहत नाही.

सातवी पायरी: भोके आणि खाचा डायमधूनच काढा

कापलेल्या तुकड्यावर पाडलेले प्रत्येक भोक, मारलेला प्रत्येक आटा म्हणजे जिग (तुकडा पकडायचे साधन), मजूर आणि वेळ. त्यातले निम्मे काम डाय करून देऊ शकते. टोकाला झाकण लावायचे असेल तर सेक्शनमध्येच इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी खाच ठेवा; सेल्फ टॅपिंग स्क्रू तिच्यात थेट बसतो. उघडी असल्यामुळे डाय साधीच राहते. बोल्टचे डोके सरकवायला टी आकाराची खाच, स्प्रिंगच्या क्लिपला अडकायला एक छोटी कड, पीसीबी सरकवायला बाजूची खोबण, हे सगळे डायमध्येच होते. ट्रान्झिस्टर क्लिपने दाबला तर आटाच नको आणि दाबही केसच्या मधोमध पडतो, जिथे चिप असते. स्क्रू कडेला ओढतो.

सपाटपणाची अट जपून लिहा. जसा प्रेसमधून निघतो तसा बेस रुंदीच्या सुमारे ०.४ टक्के वाकडा असू शकतो. ७० मिमीला साधारण ०.२८ मिमी. एका लहान ट्रान्झिस्टरच्या रुंदीत हा फरक नगण्य होतो आणि पेस्ट तो भरून काढते. मोठे पॉवर मॉड्यूल असेल तरच मिलिंग मागा, तेही फक्त त्या जागेपुरते, आणि त्यासाठी तिथे अर्धा ते एक मिमी जादा धातू ठेवा.

आठवी पायरी: अ‍ॅनोडायझिंग, आणि काळ्या रंगाचा गैरसमज

उघड्या अ‍ॅल्युमिनियमची प्रारणक्षमता ०.१ च्या आत-बाहेर असते. अ‍ॅनोडाइझ केल्यावर ०.८ च्या पुढे जाते. आपल्या उदाहरणात अ‍ॅनोडायझिंग वगळले तर १६.७ चे जेमतेम १३ वॅट होतात, म्हणजे हीट सिंक नापास. पण काळा रंगच हवा असे नाही. ८५ अंशांचे प्रारण अवरक्त असते आणि तिथे बिनरंगी अ‍ॅनोडायझिंगही काळ्याइतकेच चांगले. काळा दिसण्यासाठी घ्या, थंडाव्यासाठी नको. उलट पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या हीट सिंकमध्ये प्रारणाचा वाटा इतका लहान असतो, की केवळ उष्णतेसाठी हा खर्च करू नये.

अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज अडवतो, पण त्याच्या भरवशावर ट्रान्झिस्टर बसवू नका. एक ओरखडा पुरतो. इन्सुलेशनला मायका किंवा सिलिकॉन पॅडच. अर्थिंगच्या जागी मात्र हाच थर खरवडून काढावा लागतो.

नववी पायरी: कापायची लांबी

३ मीटरच्या दांड्यातून १०० मिमीचे किती तुकडे निघतात? तीस नाही. करवतीचे पाते दर वेळी ४ मिमी खाते, त्यामुळे २८ निघतात आणि शेवटी तुकडा भंगारात. लांबी ९६ मिमी केली तर बरोबर ३०. क्षमता १६.७ वरून साधारण १६ वर येते, जी आपल्याला पुरते. दांड्याची टोके वाया जाणार असतील तर आधी तेवढी वजा करून हाच भागाकार करा. इतक्या सोप्या जागी ठेवलेली बचत लोक वर्षानुवर्षे उचलत नाहीत.

दहावी पायरी: नमुना तपासणे

डायचा पहिला नमुना आला की आधी वजन करा. एक मीटर तुकडा २.०३ किलोऐवजी २.२ भरला तर भिंती जाड निघत आहेत; आणि जादा किलो तुम्हीच विकत घेणार आहात. मीटरमागच्या वजनाची कमाल मर्यादा म्हणूनच ड्रॉइंगवर लिहावी.

मग उष्णतेची चाचणी. ट्रान्झिस्टरऐवजी त्याच आकाराच्या केसमधला रेझिस्टर लावून बरोबर १५ वॅट द्या. त्याच्या लगत बेसमध्ये बारीक भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवा, दुसरा थर्मोकपल हवेत, हीट सिंकपासून दूर आणि त्याच्या खालच्या पातळीवर ठेवा. धीर धरा: २०० ग्रॅमच्या या तुकड्याचा कालस्थिरांक (एकूण तापमानवाढीच्या साधारण दोन-तृतीयांश चढायला लागणारा वेळ) सात-आठ मिनिटांचा आहे, त्यामुळे चाळीस मिनिटांच्या आधी घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो. अवरक्त थर्मामीटर वापरायचा तर उघड्या धातूवर रोखू नका, तो कितीतरी कमी तापमान दाखवतो. तिथे काळ्या विद्युत टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

मोकळ्या हवेत आकडा जमला की तीच चाचणी पेटी बंद करून पुन्हा घ्या. पेटीला खाली आणि वर जाळी नसेल तर दोन्ही आकड्यांतला फरक तुम्हाला परत पहिल्या पायरीवर नेईल. आणि तिथे पत्र्याला पाडलेली चार भोके दहाव्या फिनपेक्षा स्वस्त पडतात.